पंडिता रमाबाई : करुणा आणि शांती

सानगडीकडील आमच्या विद्यार्थ्यांस तळे म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. आपला भंडारा जिल्हा तळ्यांचा जिल्हा म्हणूनच प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात चोहोकडचे ओहोळ धावत येऊन तळ्यात मिळतात. पार भक्कम असली म्हणजे ते गढूळ पाणी तेथे थांबते, निवळते, आणि मग तुडुमातून बेताबेताने सुटून खालच्या धानाच्या बांध्यांस पोहोचते. पार फुटली तर तेच पाणी एका रात्रीत पीक व माती दोन्ही वाहून नेते. आणि तुडुम कधी उघडलाच नाही, तर पाणी जागच्या जागी शेवाळते व खालचे शेत वाळून जाते.

मनुष्याच्या अंतःकरणाचीही गोष्ट बरीचशी अशीच आहे. आम्ही शिक्षकाचा व्यवसाय बरीच वर्षे करीत आहो. त्या अवधीत मुलांच्या दोन तऱ्हा आमच्या वारंवार पाहण्यात आल्या. एखाद्या मुलीची आई आजारी पडते. मुलगी इतकी हळवी, की तिला अन्न गोड लागत नाही, झोप येत नाही. रडून रडून ती स्वतःच आजारी पडते, आणि आईची शुश्रूषा करावयाची ती आईसच तिची काळजी करावी लागते. दुसरा एखादा मुलगा असे दुःख एकदोनदा भोगतो, पोळतो, आणि मनाशी ठरवितो की यापुढे कोणाच्या दुःखाकडे बघावयाचेच नाही. तो शांत दिसतो खरा, परंतु ती शांती दगडाची असते. दुसऱ्याच्या दुःखाने मन द्रवावे, आणि तरीही मोडू नये, असा काही तिसरा मार्ग आहे काय? हा प्रश्न पंडितांच्या वादाचा नव्हे. ज्या घरात म्हातारी आजी अंथरुणाला खिळली आहे, त्या घरातील सुनेचा तो रोजचा प्रश्न आहे. रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेचा तो प्रश्न आहे. आणि आम्हां शिक्षकांचाही आहे.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातील एका बाईने आपल्या आयुष्याने दिले. त्यांचे नाव पंडिता रमाबाई. त्यांची विद्वत्ता व त्यांचे समाजकार्य यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही येथे त्यांचे चरित्र या एकाच दृष्टीने पाहणार आहो, की एवढे दुःख पाहून व सोसूनही त्यांचे मन कोरडे कसे झाले नाही आणि खचलेही कसे नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे मोठे पंडित होते. स्त्रियांस देववाणी शिकवू नये असा त्या काळचा रिवाज असता त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले. त्यावरून गवगवा झाला, तेव्हा उडुपी येथे विद्वानांच्या सभेपुढे उभे राहून त्यांनी शास्त्राधारे आपली बाजू मांडली. पुढे अरण्यात राहून त्यांनी पाठशाळा चालविली. परंतु आल्यागेल्याचे आतिथ्य करता करता संपत्ती संपली, आणि रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असता सारे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. त्या तान्ह्या मुलीस वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगराखाली आणले. तेव्हापासून सोळा वर्षे त्यांस घर असे राहिले नाही.

या भटकंतीतील एक गोष्ट आमच्या बालवाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. दिवसभर स्वयंपाकपाणी, पूजा, पुराणवाचन यांतून आईस सवड मिळत नसे. म्हणून ती पहाटे, पाखरे जागी होण्याच्या वेळी, झोपेने पेंगुळलेल्या मुलीस प्रेमाने उठवी व धडा देई. आजूबाजूस रान, वर तारे, आणि त्या शांततेत आईच्या तोंडचा पाठ, अशी रमाबाईंची शाळा होती. भागवतातील हजारो श्लोक त्यांस याच रीतीने मुखोद्गत झाले. पहाटेच्या निवांत वेळेशी त्यांचे जे सख्य जडले ते पुढे जन्मभर टिकले. धर्म बदलला, देश पाहिले, कामाचे डोंगर अंगावर आले. पण पहाट सुटली नाही.

त्यानंतर दुःखाचे दिवस आले. दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराणे सांगून पोट भरणाऱ्या या कुटुंबास मजुरीची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटे. जवळचे दागिने, भांडी, वस्त्रे विकून संपली. अखेर ती पाचही माणसे मरण्याच्या निश्चयाने अरण्यात शिरली. अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडपाला व मूठभर रानखजूर यांवर काढले. वृद्ध पित्याने जलसमाधीचा विचार केला. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला, आणि अभिमान सोडून आपण मजुरी करू असे त्याने सांगितले. परंतु मदत उशिरा आली. १८७४ साली प्रथम वडील गेले. थोड्याच आठवड्यांत आई गेली. पुढे बहीणही पटकीने गेली. आईची तिरडी उचलण्यास माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांस दया आली; तिसरा खांदा श्रीनिवासाचा आणि चौथा सोळा वर्षांच्या रमाबाईंचा. त्यांची उंची इतकी कमी, की तिरडीचा दांडा खांद्यावर पेलेना. म्हणून त्यांनी तो डोक्यावर घेतला आणि तीन मैलांची वाट चालून आईस पोहोचविले.

त्यानंतर बहीणभाऊ पायी देशभर फिरले. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हते, म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यात शिरून वरून कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. ज्याने एवढे सोसले त्याचे मन एक तर कायमचे कडू होते, किंवा दुसऱ्याचे दुःख पाहिले की आपलीच जखम भळभळू लागते. रमाबाईंच्या मनात ही जखम होतीच. ती पुढे बावीस वर्षांनी मध्यप्रांतात पुन्हा उघडली. पण तोपर्यंत त्यांस तिचे काय करावे हे उमगले होते. ती कथा योग्य स्थळी येईलच.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी त्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. देशभर नाव झाले. पण १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातिभेद न मानता नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ साली मनोरमा जन्मली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पतीही पटकीने निवर्तले. वय चोवीस पूर्ण नाही, पदरी दहा महिन्यांचे मूल, आणि माहेर असे उरलेच नाही.

अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हा ग्रंथ लिहिला, आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-वैद्य हव्यात अशी मागणी केली. स्वतः वैद्यक शिकावे म्हणून १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. पण कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या राहत होत्या. तेथील भगिनींनी त्यांस लंडनमधील फुलहॅमचे एक आश्रयगृह दाखविले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची ज्या मायेने तेथे सेवा चाले, ती पाहून रमाबाई चकित झाल्या. या सेविका इतक्या दुःखात राहून प्रसन्न कशा राहतात, आणि घृणेची छटाही त्यांच्या तोंडावर कशी येत नाही, याचा शोध करता त्यांस प्रभू येशू व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा सांगण्यात आली. ती त्यांच्या अंतःकरणाला भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे त्या चेल्टनहॅम येथे संस्कृत शिकवीत होत्या. १८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे दोन वर्षे व्याख्याने देऊन त्यांनी भारतातील विधवांची स्थिती लोकांपुढे मांडली. बोस्टन येथे त्यांच्या कार्यास दहा वर्षे साहाय्य करणारी संस्था स्थापन झाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदनाचे दार उघडले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई याच सदनाच्या विद्यार्थिनी होत, हे पुष्कळांस ठाऊक असेलच.

आता आपण आमच्या विषयाच्या गाभ्याशी आलो. सदनात कोणावरही धर्म लादावयाचा नाही असा नियम होता. रमाबाई स्वतः मात्र रोज आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. त्यावरून पुण्यात वादळ उठले. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. पालकांच्या बाजूने पाहता त्यांची भीती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. विश्वासाने सोपविलेल्या मुलींविषयी आईबापांनी जागरूक असावे हेच योग्य. परंतु रमाबाईंच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. दार लावून घेणे सोपे होते. तसे केले असते तर लोक गप्प बसले असते. पण ज्या विधवा मुलींस जगाने दारे लावली होती, त्यांच्या तोंडावर आणखी एक दार लावणे रमाबाईंच्या जिवावर आले. प्रार्थना ही त्यांस आपली खाजगी चैन वाटत नव्हती. त्यांच्या शांतीच्या खोलीस दार होते, आणि ते दुःखितांसाठी उघडे होते.

तरीही त्या काळी त्यांचे स्वतःचे मन पूर्ण निवले होते असे नाही. धर्म स्वीकारून आठ वर्षे झाली, काम चालू होते, कीर्ती होती. पण आपण मतांचा स्वीकार केला, प्रत्यक्ष प्रभूस मात्र गाठले नाही, अशी रुखरुख त्यांस लागून राहिली होती, हे त्यांनी स्वतःच पुढे प्रांजळपणे लिहून ठेविले आहे. आमच्या मते हा त्यांच्या चरित्रातील अत्यंत उपयुक्त भाग आहे. सेवा करणारा मनुष्य सेवेच्याच भरात आपली आतली विहीर आटत चालली आहे हे विसरतो. रमाबाईंनी ते ओळखले. त्या शास्त्राचे मनन करू लागल्या. ब्रिस्टल येथे केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ मुले सांभाळणारे जॉर्ज म्यूलर यांसारख्यांची चरित्रे त्यांनी वाचली. आणि आपले यश, आपली चिंता, आपली माणसे ही सारी देवाच्या हाती सोपविण्यास त्या शिकल्या.

लोणावळ्यास भरलेल्या एका प्रार्थना-मेळाव्यास त्या आपल्या पंधरा मुलींसह गेल्या होत्या. एके दिवशी भल्या पहाटे त्या एकट्याच रानात जाऊन बसल्या. अंधार फाटून सूर्य वर येत होता. त्या शांततेत त्यांच्या मनात विचार आला, की या पंधरांच्या पंधरापट मुली आपल्यास मिळाव्यात. पंधरा पंधरे दोनशे पंचवीस. एवढी तर सदनात जागाही नव्हती. तरी ती मागणी देवापुढे ठेवून त्या उठल्या. आमच्या बालमित्रांनी येथे एक गोष्ट पाहावी. पुष्कळ लोक रानात जातात ते माणसांची गर्दी विसरण्यासाठी. रमाबाई रानातून परतल्या त्या आणखी दोनशे माणसांची जबाबदारी मनात घेऊन, आणि तरीही हलक्या मनाने.

ती जबाबदारी लवकरच अंगावर आली. १८९६ साली पावसाने अवेळी दगा दिला. आपला जिल्हा त्या काळी मध्यप्रांतात मोडत असे. धानाच्या मुलखात धान वाळले, आणि प्रांतभर भयंकर दुष्काळ पडला. ही वार्ता पुण्यास पोहोचली तेव्हा रमाबाई प्रथम कचरल्या. अमेरिकेतील साहाय्याची दहा वर्षांची मुदत संपत आली होती; असलेल्या मुलींचाच खर्च जेमतेम भागत होता. परंतु त्यांस आपले स्वतःचे दिवस आठवले. तो झाडपाला, तो रानखजूर, डोक्यावरची ती तिरडी डोळ्यांपुढे आली, आणि त्यांच्याने स्वस्थ बसवेना. जवळ पैसा नसता त्या मध्यप्रांतात निघाल्या.

तेथील अनाथालये व दुष्काळी कामांच्या छावण्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. हाडांचे सापळे झालेली मुले, झाडाखाली पडलेली माणसे, आणि त्यांहून भयंकर म्हणजे निराधार तरुण मुलींच्या मागे लागलेले नराधम. हे सर्व पाहणाऱ्या बाईने स्वतः हेच भोगलेले होते. अशा वेळी मन दोन बाजूंनी फसते. एक, आपली जुनी वेदना इतकी उसळते की समोरच्याचे दुःख दिसेनासेच होते आणि मनुष्य आपल्याच आठवणींवर रडू लागतो. दुसरे, एवढ्या समुद्रात आपली ओंजळ ती काय, असे म्हणून तो परत फिरतो. रमाबाईंनी दोन्ही टाळले. आपली आठवण त्यांनी दिव्यासारखी वापरली. तिच्या उजेडात त्यांस प्रत्येक मुलगी ओळखू आली. आणि किती जणींस वाचवावयाचे हा आकडा देवावर सोपवून समोर आली तिला त्यांनी हात दिला. अशा सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. लोणावळ्याच्या पहाटेस मागितलेल्या संख्येहून ही संख्या अधिक होती.

इकडे पुण्यात प्लेगची साथ सुरू झाली होती. बाहेरच्या लोकांस शहरात ठेवण्यास बंदी आली. पुण्याहून सुमारे पस्तीस मैलांवर केडगाव येथे रमाबाईंनी सदनाच्या खर्चासाठी फळबाग करावी म्हणून आधीच जमीन घेतली होती. ते माळरान आता उपयोगी पडले. त्या माळावर तात्पुरता निवारा उभारून मुलींची सोय लावण्यात आली. हेच पुढील मुक्ति सदन होय.

शांती म्हणजे मुकाट्याने सोसणे असा कोणाचा समज असेल, तर याच वर्षाची एक घटना सांगितली पाहिजे. प्लेगच्या बंदोबस्तात रमाबाईंच्या आश्रयाखालील एका मुलीची रुग्णालयात हेळसांड झाली. १८९७ साली रमाबाईंनी वृत्तपत्रात उघड पत्र लिहून सरकारी व्यवस्थेवर कडक टीका केली. मुंबईच्या गव्हर्नरांनी ती नाकारली. परंतु रमाबाईंनी आपले म्हणणे सोडले नाही. रोज पहाटे गुडघे टेकणारी बाई दुपारी सत्तेपुढे ताठ उभी राहू शकते. मन आत स्थिर असेल तर राग हा वणव्याप्रमाणे न पसरता चुलीतील विस्तवाप्रमाणे उपयोगी पडतो.

केडगावी त्यांनी जे उभे केले ते पाहता केवळ भावनेचा उमाळा किती दुबळा असतो हे कळते. आलेल्या मुलींस प्रथम अन्न व औषध द्यावे लागे. तेही बेताने, कारण उपाशी पोटास एकदम भरपेट अन्न विषासारखे होते. त्यांच्या अंगावर खरूज, केसांत उवा, आणि मनात संशय असे. पुष्कळ जणी अन्न चोरून लपवीत, शिव्या देत, पळून जात. ज्यांच्यासाठी जीव पाखडावा त्यांनीच शिवी द्यावी, ही सेवकाची सर्वांत कठीण परीक्षा. या कामास रोजचा शिस्तीचा क्रम लागला. विहिरी खणल्या, शेती सुरू केली, गाईगुरे पाळली. विणकाम, तेलाचा घाणा, धोबीकाम, छापखाना अशी कामे मुलींच्याच हाती दिली. प्रत्येक मुलगी शिके आणि काही तरी काम करी. २४ सप्टेंबर १८९८ रोजी मंदिराची कोनशिला बसविण्यात आली. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही शेकडो मुली आल्या आणि मुक्तीतील माणसांची संख्या दीड हजारांवर गेली. पतित स्त्रियांसाठी कृपा सदन, अंधांसाठी बर्तीमी सदन, मुलांसाठी सदानंद सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन, अशी निरनिराळी घरे झाली. आंधळ्या मुलींस ठिपक्यांच्या लिपीत वाचावयास शिकविण्यात आले.

एवढ्या पसाऱ्यात रमाबाईंस निवांतपणा कोठून मिळत असेल, असे आमच्या वाचकांस वाटेल. मिळत नव्हता, त्या तो काढीत असत. पहाटेची वेळ देवाची, हा त्यांचा नेम. सुवार्तेत असे वर्णन आहे की एका सायंकाळी सारा गाव आजारी माणसे घेऊन प्रभू येशूच्या दारी लोटला होता, आणि दुसऱ्या दिवशी पुष्कळ रात्र उरली असता तो उठून एकांत स्थळी प्रार्थनेस गेला. ज्या दिवशी काम अधिक, त्याच्या दुसऱ्या दिवशी एकांतही अधिक. रमाबाई याच वाटेने चालल्या, आणि आपल्या मुलींसही त्यांनी ती वाट दाखविली. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी रोज प्रार्थनेस जमण्यासाठी मुलींस बोलाविले, तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेपर्यंत गेली. ज्या मुली काल अन्न लपवीत होत्या, त्या आज दुसऱ्यांसाठी देवाजवळ मागत होत्या.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी आणखी एक शांत काम हाती घेतले. सामान्य स्त्रीस समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र असावे म्हणून त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून सबंध शास्त्राचे भाषांतर करू लागल्या. संस्कृतात पांडित्य मिळविलेल्या बाईने अवघड संस्कृत शब्द मुद्दाम बाजूस ठेवले, कारण समोर वाचक होती ती दुष्काळातून आलेली खेड्यातील मुलगी. बाहेर दीड हजार माणसांचा कोलाहल, आणि आत एकेका शब्दावर चिंतन चाललेले. त्यांचे बहिरेपण, ज्याने एके काळी वैद्यकाचे दार लावले होते, तेच या कामी उपकारक झाले असावे असे आम्हांस वाटते.

अखेरची परीक्षा राहिली होती. मनोरमाबाई, त्यांची एकुलती एक मुलगी व उजवा हात, २४ जुलै १९२१ रोजी वारल्या. आईबाप, बहीण, भाऊ, पती आणि आता मुलगी. रमाबाईंचे वय त्रेसष्ट, शरीर थकलेले. दुःख झाले नाही असे कोण म्हणेल? परंतु मुक्तीतील दिवा विझला नाही. पुढील आठ महिन्यांहून अधिक काळ त्या भाषांतराची मुद्रिते तपासीत राहिल्या. ते काम आटोपले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटेच्या सुमारास, झोपेतच, त्यांनी देह ठेवला. ज्या प्रहरी आई त्यांस जागे करी त्याच प्रहरी त्या निजल्या. त्यांचे भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात, त्यांच्याच मुलींच्या हातांनी छापून १९२४ साली बाहेर पडले. मुक्तीचे कार्य त्यांच्या पश्चात थांबले नाही. केडगावी ते आजही चालू आहे.

बालमित्रहो, या चरित्रापासून घ्यावयाचा बोध आम्ही थोडक्यात सांगतो. ध्यान किंवा प्रार्थना म्हणजे दुःखाकडे पाठ फिरविणे नव्हे. रमाबाई पहाटे देवापुढे बसत तेव्हा त्यांच्या मनात त्यांच्या मुलीच असत. फरक एवढाच की रात्रभर उराशी धरलेले ओझे त्या तेथे खाली ठेवीत, आणि जे आजच्या दिवसापुरते आहे तेवढेच उचलून बाहेर येत. तळ्यात पाणी जसे थांबते व निवळते, तशी त्यांची करुणा तेथे निवळे; आणि मग पाटाने शेतास मिळे.

तुम्हांस हे करून पाहावयाचे असेल तर रान किंवा मठ शोधावा लागत नाही. घरात कोणी आजारी असेल, मित्रावर संकट आले असेल, तर त्याच्याकडे धावण्यापूर्वी थोडा वेळ स्वस्थ बसा. श्वास स्थिर होऊ द्या. त्या माणसाचे नाव मनात घ्या, आणि ज्या धर्मात तुम्ही वाढला असाल त्या रीतीने त्यास देवाच्या स्वाधीन करा. मग स्वतःस विचारा की आज माझ्या हातून त्याच्यासाठी होण्याजोगे एक काम कोणते? पाणी भरून देणे असेल, औषध आणणे असेल, नुसते शेजारी बसणे असेल. ते करा. परत आल्यावर पुन्हा थोडे स्वस्थ बसा, आणि जे तुमच्याने झाले नाही ते देवाच्या पायाशी ठेवून झोपी जा. हा अभ्यास लहान दिसतो; पण पार एका दिवसात बांधली जात नाही, टोपली टोपली माती टाकूनच ती उभी राहते.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मूल हळवे असेल तर त्यास रडके म्हणून हिणवू नये, आणि कठोर हो असेही शिकवू नये. त्याच्या डोळ्यांतील पाणी ही देवाची देणगी आहे. ते पाणी वाया जाऊ नये म्हणून पहाटे त्याच्याजवळ दहा मिनिटे बसावे, जशी लक्ष्मीबाई त्या रानात आपल्या पेंगुळलेल्या मुलीजवळ बसत असे.